कुणाकडून

ट्राम चौकातल्या चिनारांखालून वळत होती, तेव्हा बालिंत म्हणाला, “एमे, मी तुला माफ केलंय.”

एमेशेला आधी वाटलं, तो माशाबद्दल बोलतोय. बाजारात तिने मोठा कार्प सोडून लहान घेतला होता. मोठ्याचे डोळे तिला धड वाटले नव्हते, आणि त्यावरून मासेवाल्याशी तिची थोडी बाचाबाचीही झाली होती. बालिंतला बाचाबाची आवडत नाही. “कशाबद्दल?” तिने विचारलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. समोरच्या बाकावरच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने आवाज अगदी खाली ठेवला होता. “जे काही झालं असेल त्याबद्दल. कधी, कुणाबरोबर, ते मी विचारणार नाही. उपचार सुरू व्हायच्या आधी तुझ्या मनावर ओझं नको, म्हणून सांगतोय.” मग त्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मोठा, उबदार, स्वच्छ नखांचा हात. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. तिची तिथून निघाली नाही, ती त्या हाताखालून निघाली, गुडघ्यातून, आणि पोटात येऊन थांबली. पिशवीतला मासा कागदाच्या आत एकदा हलल्यासारखा वाटला. समोरच्या बाईने दोघांकडे कौतुकाने पाहिलं, या वयातही किती जीव लावतो नवरा, अशा नजरेने. एमेशेला त्या बाईचाही राग आला, आणि त्या क्षणी जगात असं कुणीच उरलं नाही ज्याचा तिला राग आला नव्हता.

गाठ तिला वसंतात लागली होती. नगरपालिकेत लग्न लावून घ्यायला आलेली शनिवारची तिसरी जोडी बाहेर थांबली होती. लग्न लावायच्या दालनात जायच्या आधी ती आरशासमोर झेंड्याच्या रंगांचा लाल-पांढरा-हिरवा पट्टा खांद्यावरून नीट करत होती, आणि बोटं मानेवरून जाताना कानाखाली काहीतरी टणक लागलं. अक्रोडाएवढं. दुखत नव्हतं. तिने आत जाऊन नेहमीसारखं उभं राहून विचारलं, तुम्ही स्वेच्छेने, कुणाच्याही दबावाशिवाय, आणि बोलता बोलता तिला वाटलं की आपला आवाज त्या टणक गोष्टीला वळसा घालून येतोय. नगरपालिकेत ती वीस वर्षं लग्नं लावत होती. अर्ध्या सेगेद शहराची लग्नं तिच्या तोंडून लागली होती. रस्त्यात लोक थांबवून म्हणायचे, तुम्हीच ना आमच्या वेळी. त्यातल्या कितींची मोडली हेही तिला ठाऊक असायचं, कारण मोडल्याची नोंदही तिच्याच खात्यात यायची. माणसं शपथ घेताना काय म्हणतात आणि त्यांच्या मनात काय असतं यातलं अंतर तिने इतक्या जवळून पाहिलं होतं की स्वतःच्या संसारात तिने ते कधी मोजायलाच घेतलं नाही. गरजही पडली नव्हती. बालिंत चांगला माणूस होता. नदीच्या बंधाऱ्यांच्या खात्यात होता. तिसा नदी चढली की रात्र रात्र वाळूच्या पिशव्या रचणाऱ्यांत उभा राहायचा. सगळे म्हणायचे, बालिंतसारखा माणूस मिळायला भाग्य लागतं. तीही म्हणायची.

दवाखान्यात आधी एक म्हातारा साहाय्यक भेटला. सिगरेट किती, त्याने विचारलं. ओढत नाही. दारू? नाताळला एखादा घोट. त्याने वर पाहिलं आणि पेन खाली ठेवून अगदी प्रेमाने म्हणाला, “बाई, इथे कुणी तुमच्यावर खटला भरत नाहीये. खरं सांगा.” तिने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने बालिंतला विचारलं. नवऱ्याने मान हलवल्यावरच त्याने लिहून घेतलं. तपासणीला तुकडा काढून नेला, निकाल आला, तेव्हा डॉक्टर वादास नावाच्या बाईंनी दोघांना समोर बसवलं. उंच, थकलेल्या, केस मागे घट्ट बांधलेल्या. त्या आडवळणाने बोलत नव्हत्या. जिभेच्या मुळाशी कर्करोग आहे, म्हणाल्या, मानेतल्या गाठीत उतरलाय. पण पेशींमध्ये विषाणू सापडलाय, आणि विषाणूमुळे होणारा हा प्रकार उपचारांना चांगली दाद देतो. “त्या बाबतीत तुम्ही सुदैवी आहात.” सुदैवी हा शब्द एमेशेच्या कानात अडकून बसला. विषाणू अगदी साधा, त्या म्हणाल्या, शरीराच्या जवळिकीतून पसरणारा. चुंबनातूनही जात असावा. बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी होतो आणि आपसूक जातो. काहींच्यात राहतो, वीस वर्षं, तीस वर्षं, गपचूप. तेव्हा बालिंतने त्याचा एकमेव प्रश्न विचारला. “म्हणजे हे कुणाकडून तरी येतं?” “कुणाकडून तरी येतंच,” डॉक्टर म्हणाल्या. “पण कुणाकडून, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही. शोधूही नका.” त्याने वाक्याचा पहिला भाग ऐकला. त्यानंतर दोन आठवडे तो घरात पाय न वाजवता वावरला, भांडी घासली, तिची चादर बदलली, जेवताना तिच्या ताटाकडे बघत राहिला. तिला वाटलं, घाबरलाय बिचारा. त्याच्या त्या गप्प बसण्याची तिला दया आली होती. आता ट्राममध्ये तिला कळलं की ते दोन आठवडे तो घाबरलेला नव्हता. तो न्यायाधीशासारखा विचार करत होता. विचार करून, मोठ्या मनाने, त्याने निकाल दिला होता.

घरी येऊन तिने मासा ओट्यावर टाकला आणि खवले काढायला घेतले. चाकू उलटा धरून शेपटीकडून डोक्याकडे. खवले भिंतीवर उडत होते. बालिंत कांदा चिरायला आला, नेहमीसारखा. लग्नाआधी तिच्या आयुष्यात एकच मुलगा होता, तिहामेर नावाचा, विद्यापीठात दगडमातीचा अभ्यास करणारा, बोलताना डोळे मिटून घेणारा. बालिंतला ते पहिल्यापासून माहीत होतं. आणि बालिंतचं तिला माहीत होतं. बालातोन सरोवराच्या काठावर, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात, वाइनच्या भरात त्यानेच हसत हसत सांगितलं होतं की लष्करात असताना पगाराच्या दिवशी सगळी पोरं स्टेशनमागच्या एका घरात जायची. तू? तिने विचारलं होतं. सगळी म्हणजे सगळीच, तो म्हणाला होता, आणि दोघंही हसली होती, कारण तेव्हा ते फार लांबचं, पोरकट, दुसऱ्याच कुणाचं वाटत होतं. तिने ती गोष्ट तेवीस वर्षांत एकदाही काढली नव्हती. काढायची तिला आताही इच्छा नव्हती. त्याने आरोप केला म्हणून आपणही करायचा, त्याच चिखलात उतरायचं, याचाच तिला जास्त संताप येत होता. पण तोंडातून निघून गेलं.

“आणि तुझं ते स्टेशनमागचं घर?”

बालिंतचा चाकू थांबला. “ते वेगळं,” तो म्हणाला.

“वेगळं कसं?”

“तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, एमे. आणि मला काही झालं नाही.”

मला काही झालं नाही. तिने ते वाक्य मनात उलटसुलट करून पाहिलं. ज्याला झालं तो गुन्हेगार. ज्याचं शरीर निसटलं तो निर्दोष. तिला वाटलं, हे माशाचे खवले त्याच्या अंगावर फेकावेत. ती एवढंच म्हणाली, “मी तुझ्याशिवाय कुणाकडे गेले नाही. तू मला माफ करू शकत नाहीस, कारण माफ करायला तिथे काही नाहीये. हे तुला पटतंय का?” त्याने मान हलवली, पण आजारी माणसाचं मन मोडू नये म्हणून हलवतात तशी. आणि मग त्याच्या बोलण्यातून तिला कळलं की त्याने हे त्याच्या आईलाही सांगितलंय. विचारल्यावर तो म्हणाला, आईला काळजी होती, काहीतरी सांगावं लागलं. “मग आता हेही सांग,” ती म्हणाली. “तुझ्याकडूनही आलं असेल म्हणून सांग. तेवढंच कर. मला फुलं नकोत, सूप नको.” तो म्हणाला, आई म्हातारी आहे, तिला हे समजायचं नाही.

सासूबाई, आरांका, शहरापासून दीड तासावर, माको शहराकडच्या एका गावात राहायच्या, पण उपचार सुरू झाले तशा घर सांभाळायला म्हणून येऊन राहिल्या. त्यांनी कधीही वाकडा शब्द वापरला नाही. एमेशेचा कप मात्र त्या उकळत्या पाण्यात वेगळा धुवायच्या, तिचा टॉवेल वेगळ्या खुंटीला लावायच्या आणि तिच्यासमोर बालिंतची पाठ थोपटत म्हणायच्या, दुसरा असता तर एव्हाना निघून गेला असता हो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, एमेशेला वाटायचं, फक्त इथे बुक्क्या मऊ होत्या. दवाखान्यात रोज सकाळी किरणोपचारासाठी तिच्या चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा चढवून तो टेबलाला आवळायचे. तिच्याच चेहऱ्याच्या साच्यावर केलेला, तरी इतका घट्ट की पापणी हलवणं जड जायचं. माणसं बाहेर जायची, जाड दार बंद व्हायचं आणि एक यंत्र डोक्याभोवती घुरघुरत फिरायचं. पहिले काही दिवस तिने तिथे प्रार्थना म्हणून पाहिली. मग ती सोडून राग मोजायला लागली. साहाय्यकाचा प्रेमळ आवाज. सुदैवी. ट्राममधली बाई. ते वेगळं. तिच्या लक्षात आलं की रागाने वेळ लवकर जातो. तिसऱ्या आठवड्यात चव गेली, चौथ्यात लाळ गेली, मग गिळणं म्हणजे काच गिळणं झालं. पोटातून नळी घालावी लागेल, डॉक्टर म्हणाल्या. सासूबाईंनी लगेच सांगितलं, घालून टाका, कशाला जिवाला त्रास, आणि बालिंतनेही मान हलवली. तेव्हा त्या दोघांसमोर तिने वाडगाभर पातळ पेज गिळली, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, एक घोटही न सोडता. नळी घालावी लागली नाही. हे तिच्या इच्छाशक्तीचं यश आहे असं नंतर सगळे म्हणाले. तो नुसता संताप होता हे तिने कुणाला सांगितलं नाही.

त्याच दिवसांत वडील तिच्या डोक्यात येऊन राहिले. विद्यापीठाच्या कुठल्याशा अभ्यासासाठी तिचं रक्त घेतलं होतं, आणि डॉक्टर वादासनी एकदा सहज सांगितलं की पेशींची राखण करणारं एक जनुक असतं, बिघडलेली पेशी दिसली की तिला अडवणारं, तुमच्यात त्यातलं एक अक्षर वेगळं आहे. रोग नाही हो हा, त्या म्हणाल्या, रस्त्यावरच्या कितीतरी लोकांत असतं. या विषाणूपुढे तसा राखणदार थोडा लवकर हार खातो असं काही अभ्यास म्हणतात, काही म्हणतात तसं नाही. मला विचाराल तर अजून नक्की कुणालाच माहीत नाही. घरात कुणाला होतं का? वडील, ती म्हणाली. तोंडाचाच. ते पीत. डॉक्टर म्हणाल्या, मग दारूच मुख्य. त्याखाली आणखी काय होतं ते आता कळायचं नाही. वडील तिसा नदीत मालाच्या होडीवर होते. प्यायचे हे खरं. शेवटच्या हिवाळ्यात ते गालाला फडकं लावून टेबलाच्या टोकाला बसायचे आणि सगळे जेवून उठल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. आई म्हणायची, बाटलीने खाल्लं याला. दफनाच्या वेळी पाळकाने त्यांच्याच पेटीसमोर उभं राहून दारूवर प्रवचन दिलं. बारा वर्षांची एमेशे पहिल्या ओळीत उभी होती, आणि तिच्या मागचे, वडिलांइतकेच पिणारे, वडिलांपेक्षा जास्त पिणारे होडीवाले टोप्या हातात धरून माना डोलवत होते. त्यातले काही ऐंशी वर्षं जगले. जाळीखाली पडल्यापडल्या तिला ते सगळे दिसायचे, लालबुंद, धडधाकट. त्यांना कुणी विचारलं होतं, तुम्ही कसे वाचलात? ते प्रवचन तेव्हा तिला लाजेने ऐकू आलं होतं. आता ती रागाने ऐकत होती, एवढाच फरक. सासूबाईंना त्या अक्षराचं कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे रक्तातच होतं म्हण की.” एमेशेला हसू आलं आणि घसा फाटल्यासारखा दुखला. अंथरूण नाही तर रक्त. काहीही सापडलं तरी ते तिच्याच अंगात सापडत होतं.

मुलगी चेंगे सोळा वर्षांची होती आणि या सगळ्यात दाराआडून वावरत होती. ती बापासारखी शांत आहे असं सगळे धरून चालले होते. एका दुपारी सासूबाई बाजारात गेल्या असताना ती आईच्या पलंगाच्या कडेला येऊन बसली आणि म्हणाली, “आई, सातवीत वर्गातल्या मुलींना लशीची जी सुई टोचत होते, ती याचीच ना? मला का नाही टोचली?” एमेशेला माहीत होतं. शाळेने विचारलं तेव्हा बालिंतने तिला न विचारता नकार कळवला होता. आजी म्हणाली होती, आपल्या घरातल्या मुलीला असल्या सुईची काय गरज. एमेशेला कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं, आणि घरात शांतता होती, आणि त्या शांततेची किंमत तेव्हा फार वाटायची. तिने चेंगेपासून काही लपवलं नाही. बोलायला त्रास होत होता, एकेक शब्द सुटा पडत होता, पण विषाणूचं सांगितलं, अक्षराचं सांगितलं, ते तुझ्यातही असेल, नसेलही, असं सांगितलं. ट्राममधलंही सांगितलं. चेंगे नखं खात ऐकत होती. मग म्हणाली, “बाबांनी तुला माफ केलं?” तिच्या आवाजात असं काही होतं की एमेशेने तिचा हात धरला. शांत वगैरे काही नव्हती ही. दुसऱ्याच आठवड्यात, अंगात ताकद नसताना, मुलीच्या खांद्यावर भार टाकून, ती तिला घेऊन घराजवळच्या डॉक्टरांकडे गेली. सुई टोचताना चेंगेने तोंड फिरवलं नाही. उशीर झाला का, तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, अजिबात नाही. परत येताना दोघी वाटेतल्या बाकांवर बसत बसत आल्या.

पानं गळायला लागली तेव्हा तपासणी झाली. गाठ विरघळली होती, जिभेचं मूळ स्वच्छ दिसत होतं. बालिंत डॉक्टर वादासचा हात दोन्ही हातांनी धरून हलवत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि एमेशेला ते खरं आहे हे दिसत होतं, तरी तिचा राग जागचा हलला नाही. तो किरणांनी विरघळणारा नव्हता. निघताना बालिंत दारात घुटमळला आणि त्याने विचारलं, “आणि माझं काय, डॉक्टर? मला हा विषाणू कधी झाला असेल का?” त्या म्हणाल्या, “झाला असणारच. तुमच्या शरीराने झटकून टाकला असेल.”

“मग तिच्या शरीराने का नाही?”

“कदाचित ते एक अक्षर. कदाचित नुसतं नशीब.” त्यांनी दिवा बंद करायला हात वर केला होता, तो तसाच ठेवून त्या म्हणाल्या, “तुमच्याकडून तिला गेला, असंही असू शकतं. तिच्याकडून तुम्हाला, असंही.”

त्या दिवशी तो बंधाऱ्यावर गेला आणि अंधार पडल्यावर चिखलाचे बूट घेऊन परत आला. त्याच्या मनात काय चाललंय हे समजून घ्यायचं काम तिने इतकी वर्षं केलं होतं. आता तिला त्या कामाचा कंटाळा आला होता.

रविवारी ते तिघं गावी गेले. सासूबाई आपल्या घरी परतल्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलभर पीठ पसरलं होतं आणि शेवयांसाठी पोळी लाटणं चाललं होतं. एमेशे खिडकीपाशी पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली, दर मिनिटाला घोट घेत, कारण तोंडात लाळ उरली नव्हती. बालिंतने कोट काढला नाही. तो टेबलाशी उभा राहून म्हणाला, “आई, मी तुला चुकीचं सांगितलं होतं. एमेशेने काही केलेलं नाही. लष्करात असताना मी नको तिथे जात होतो. तिला हे माझ्याकडून आलेलं असू शकतं.”

एमेशेच्या हातातली बाटली तोंडापर्यंत आलीच नाही. सासूबाई लाटत राहिल्या. पोळी फिरवली, पीठ भुरभुरलं, मग मायेने हसून म्हणाल्या, “बायकोसाठी स्वतःवर घेतोस होय. तुझा बापही असाच होता. देवमाणूस.”

“आई, स्वतःवर घेत नाहीये. खरं सांगतोय.”

“माहीत आहे हो मला, माझं पोर कसं आहे ते,” त्या म्हणाल्या, आणि पिठाच्या हाताने त्याचा गाल थोपटला.

एमेशे त्याच्याकडे बघत होती. त्याने पुन्हा सांगितलं, जास्त स्पष्ट, स्टेशन, पगाराचा दिवस, सगळं, आणि प्रत्येक वाक्यागणिक आईच्या डोळ्यांत तो आणखी चांगला होत गेला. तो बोलायचा थांबला. मानेपासून लाल होत गेला. “मी चांगला नाहीये,” तो कसाबसा म्हणाला, आवाज फाटला, आणि मागचं दार उघडून तो अंगणात गेला.

ती त्याच्यामागे गेली. तो सरपणाच्या ढिगापाशी उभा होता, गालावर आईच्या बोटांचं पीठ तसंच. हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. कधी खिशात घालत होता, कधी बाहेर काढत होता. “ऐकतच नाही,” तो म्हणाला. “खरं सांगतोय तर ऐकतच नाही, एमे. जे तिने आधीच ठरवलंय तेच.” मग तो थांबला, कारण आपण काय बोलतोय हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. तिला पुष्कळ बोलता आलं असतं. उन्हाळाभर साठवलेलं सगळं जिभेवर आलं होतं, कोरड्या, जड, तिच्याच राहिलेल्या जिभेवर. बाटलीतून घोट घेऊन तिने ते गिळलं नाही, तसंच ठेवलं. आधी बोलायची पाळी त्याची होती. तिची येतच राहणार होती.

“बोल,” ती म्हणाली. “थांबू नकोस.”

तो बोलायला लागला, आधी चाचरत, मग मोठ्याने, आईवर, स्वतःवर, देवमाणूस या शब्दावर. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला तरी त्याने आवाज खाली आणला नाही. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. एवढ्या महिन्यांत या घरातला राग पहिल्यांदाच तिला एकटीला उचलावा लागत नव्हता. आत, उघड्या दारातून, चेंगे काहीतरी सांगत होती, साध्या, न चढवलेल्या आवाजात. मला ती सुई टोचलीय आजी, आईने नेलं होतं, आणि आईचं ते अक्षर माझ्यातही असू शकतं, तर आता माझा कपही वेगळा धुणार का?

लाटण्याचा आवाज थांबला.